दिवा विझला की दार उघडायचं

दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की त्यांची ताटातूट करायला माझ्या दहिवलीच्या मामाइतका उतावीळ माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडायचा नाही. कुणी त्याला टॉर्चवाला रेडिओ भेट दिला, तर संध्याकाळपर्यंत टॉर्च एका फळीवर आणि रेडिओ दुसरीवर. पोह्यांवरचं खोबरंसुद्धा त्याला वेगळ्या वाटीत लागतं. "एक मेलं तर दुसरं जगाया पायजे रं," हे त्याचं तत्त्वज्ञान.

मामा पाण्याच्या पंपांचे सर्किट बोर्ड स्वतः आखतो, तेही इंटरनेटवरच्या फुकट सॉफ्टवेअरवर, जे कुणीही उघडावं आणि आपल्या सोयीनं बदलावं. पण त्यातही हा बाबा जुन्या वळणाचा! सर्किटची आकृती एका प्रोग्रॅममध्ये काढायची, बोर्डवरच्या विजेच्या वाटा दुसऱ्यात आखायच्या, आणि काय कुठे जोडायचं त्याची यादी दर वेळी आपल्या हातानं एकातून दुसऱ्यात न्यायची. माझ्याकडच्या नव्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकत्र असतात. आकृतीत रेघ हलली की बोर्ड लगेच चूक दाखवत कुरकुरतो. मी म्हणायचो, "मामा, नांदू दे की दोघांना एका घरात!"

"नको. मग कोन चुकलं ते कळत नाय." म्हणत तो पुन्हा यादी न्यायला बसायचा.

मग मामीचे कान गेले. खालापूरहून तिची बहीण आली आणि दार वाजवून वाजवून परत गेली. कळल्यावर मामी दोन दिवस रडत होती. मामाला ते बघवेना. त्यानं बोर्ड करायला घेतला: दारावरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागावा. आकृतीत शेवटी एक चूक सापडली, ती त्यानं सुधारली, आणि घाईघाईत यादी न्यायचीच राहिली! बोर्ड बनून आला तो जुन्या यादीचा. दिवा कायम चालू. बटण दाबलं की विझायचा. मामा डोक्याला हात लावून बसला. "तुझ्या त्या नव्या प्रोग्रॅमात झालं असतं का रं असं?" मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून हसायचा धीर झाला नाही.

तो बोर्ड उपटायला निघाला, तर मामीनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. इझला की जायचं, एवढंच ना?" पुढच्या आठवड्यात बहीण आली, दिवा विझला, मामीनं धावत जाऊन दार उघडलं. दोघी उंबऱ्यातच रडल्या.

पण आमच्याकडे लाईट जाते ना! ती गेली की दिवा विझतो आणि मामी पदर सारखा करून दाराशी जाते. बाहेर कुणीच नाही. तिचा पडलेला चेहरा मामानं एकदा पाहिला. तेव्हापासून लाईट गेली की हा सत्तरीचा माणूस दुखरा गुडघा सांभाळत मागच्या दारानं निघतो, घराला वळसा घालतो आणि पुढच्या दारात पाहुण्यासारखा उभा राहतो.

परवा मी स्वतः आखलेला, बॅटरीवर चालणारा बिनचूक बोर्ड पिशवीत घालून गेलो. बसतोय तोच लाईट गेली. मामा मागच्या दारानं पळाला. मामी माझ्याकडे बघून हसली.

"मला कळतं रं लाईट गेली ती, पंखा थांबतो ना. पन मी गेले नाय तर ह्ये भायेरच उभं रातील."

पदर सारखा करत ती दार उघडायला गेली. पिशवीतला बोर्ड मी तसाच घरी परत आणला.