डाव्या हाताचे आठ

हे मी आजवर माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मोर्चांत चाललो, त्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असाल तर माझ्या पत्रकांवरून ओळखता, आणि मग तर हे तुम्हाला कळायलाच हवं.

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील अंबाजोगाईत शिक्षक, पण त्यांचा खरा जीव चळवळीत. सभेचं पत्रक, निषेधाचं पत्रक, भीमजयंतीचं पत्रक. त्या पिवळ्या-गुलाबी कागदांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. समता हा शब्द मला लिहिता आला तेव्हा मी दुसरीत होतो. असा माणूस काय करणार नाही, असं मला विचारलं असतं तर मी मोठी यादी दिली असती. त्या यादीत पहिलंच असतं — कागदावर खोटं लिहिणार नाही.

सव्विसाव्या वर्षी मी दिंद्रुडच्या बाजूच्या एका गावात खेळशिक्षक होतो. तासिकेवरचा. लॅक्रोस नावाचा खेळ तेव्हा आमच्या जिल्ह्यात नवा होता. मी स्वतः आठवड्याभराच्या शिबिरात शिकलेलो, बाकीचं मोबाइलवर बघून. लांब काठी, टोकाला जाळी, त्या जाळीत चेंडू झेलायचा, झुलवत पळायचं, जाळीतूनच फेकायचा. पहिल्या दिवशी मुलींनी काठी पाहिली आणि एकच हशा.

"सर, ह्यो तर झेला हाय! आंबे कुठंयत?"

"आंबे न्हाईत म्हनून तर चेंडू आनलाय सरांनी," दुसरी म्हणाली.

खरंच होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आंब्याची झाडं सरपणाला गेली होती. काठीला मग सगळ्या झेलाच म्हणू लागल्या — मीही.

मैदान होतं बंद पडलेल्या जिनिंग सोसायटीचं आवार. तिथं कापूस यायचा बंद होऊन वर्षं झाली होती, पण सोसायटीला चेअरमन होता, आणि आवाराची किल्ली त्याच्याकडे होती. नऊ काठ्या सोसायटीनं दिल्या. उरलेल्या आम्ही बांबूला कांद्याच्या गोणीची जाळी शिवून केल्या. गावाला पाण्याचा टँकरही तिथंच, फाटकाशी यायचा. हॉर्न वाजला की सराव संपला. तेरा मुली, तेरा घागरी, पळापळ. म्हणून मी सराव तुकड्यांत बांधला होता. रांगेत उभं राहून वाट बघणं म्हणजे सराव नव्हे, हे मी त्यांना रोज सांगायचो. चौघी-चौघींचे गट, आठ-आठ मिनिटं. एक गट जमिनीवरचा चेंडू उचलणार — गुडघे वाकवून, काठीची मागची मूठ जमिनीशी नेऊन, चेंडूच्या पुढं निघून जात. एक गट पळता पळता झेलणार. एक गट दोघींच्या मधून चेंडू काढून नेणार. आणि गोदामाच्या मागच्या भिंतीवर मी एकेकीला घ्यायचो. भिंतीवर खडूचा चौकोन. दहा फेकी उजव्या हातानं, दहा डाव्या. लॅक्रोसमध्ये एका हाताची पोरगी म्हणजे अर्धी पोरगी — हे वाक्य माझं. किती अभिमानानं म्हणायचो!

आणि दर रविवारी सकाळी गोदामाच्या लोखंडी दारावर कागद. आदल्या दिवशीच्या परीक्षेचे आकडे, सगळ्यांना दिसतील असे. फक्त नावं, आडनावं नाहीत. निवड होईल ती या कागदावरून, कुणाच्या ओळखीवरून नाही. गावात लोक त्या कागदासमोर थांबून वाचायचे. मुलींचा त्या कागदावर इतका विश्वास होता की —

थांबा. आधी वैशालीबद्दल सांगायला हवं.

वैशाली माझ्याच समाजातली, बौद्ध वस्तीतली. अकरावीत. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला खाली साखरपट्ट्यात गेलेले, ती चुलतीकडे. चेंडू झुलवत पळायला मी इतरजणींना महिनाभर शिकवलं, हिला शिकवावंच लागलं नाही. "डोक्यावर घागर आन् खाली ढेकळं, आसं रोजच पळते की सर," म्हणाली. तिच्या जाळीतून चेंडू सांडलेला मी फार थोड्या वेळा पाहिला.

जानेवारीत राज्याच्या स्पर्धेसाठी बाराजणींचा संघ पाठवायचा होता. वैशालीसाठी ती निवड म्हणजे काय होतं, हे मला नीट ठाऊक होतं. तिच्या आईची कंबर धरली होती. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. आई बसली की अर्धा कोयता मोकळा. आबांनी, तिच्या वडिलांनी, फोनवर तिला सांगितलं होतं — निवड झाली तर ऱ्हा, शीक, खेळ. न्हाई झाली तर मुकादमाच्या गाडीत बसून ये. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं, काठीची जाळी ताणता ताणता, जसं काही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगते आहे.

मुली तेरा, जागा बारा. नियम मीच केलेला — डाव्या हाताला दहापैकी पाच तरी हवेत. बाराजणींना पाच किंवा त्याहून जास्त मिळाले. एकीला चार. ती पूजा, चेअरमनची पुतणी.

इतकं सोपं होतं सगळं. कागद लिहायचा आणि चिकटवायचा. मग मी काय केलं?

त्या शनिवारी वैशालीचा डावा हात शेवटी राहिला होता. तिची पाचवी फेक झाली आणि टँकरचा हॉर्न वाजला. सगळ्या पळाल्या. फाटकातून चुलतीची हाक आली, "अगं ये भवाने, नळी धराया तुजा झेला येनार हाय का?" वैशाली हलली नाही. घागरीचा नंबर सोडला आणि उरलेल्या पाच फेकी केल्या. चौकोनात लागलेल्या तेवढ्या पुटपुटत मोजत होती. सहा. सात. आठ. आठ झाले तेव्हा माझ्याकडे बघून हसली आणि रिकामी घागर घेऊन पळाली. त्या आठांना साक्षी फक्त आम्ही दोघं.

दुपारी चेअरमननी चहाला बोलावलं. मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे की त्यानं मला धमकावलं. मैदान बंद करीन म्हणाला, काठ्या परत घेईन म्हणाला. वर्षभर मी ही गोष्ट मनात इतकी घोटली की मला त्याचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. पण तसं काही झालं नव्हतं. तो बशीत चहा ओतत एवढंच म्हणाला, "सर, पूजा हाय न्हवं बारात?"

आणि मी म्हणालो, "असणारच की साहेब."

एवढंच. कुणी गळा धरला नव्हता. मी नाही म्हणालो असतो तर त्यानं काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. कदाचित "बरं" म्हणून चहा संपवला असता. ते दाखवायची संधीच मी त्याला दिली नाही.

मग पूजासाठी कुणाला काढायचं? हे सांगणं जास्त अवघड आहे. मी खोलीवर आलो, कागद पुढं घेतला आणि तेरा नावांवरून नजर फिरवली. सर्वांत कच्ची पोरगी मी शोधत नव्हतो. जिचं विचारायला कुणी येणार नाही, अशी पोरगी शोधत होतो. बाकीच्यांचे बाप गावात होते. वैशालीचे दोन जिल्हे पलीकडे, उसात.

आणि अजून एक. ती आपल्या वस्तीतली आहे, हेही मी मोजलं. आपलीच पोरगी वगळली तर माझ्यावर कोण बोट ठेवणार? उलट लोक म्हणतील, मास्तर निःपक्ष आहे. समता शिकलेल्या डोक्यानं मी हा हिशेब केला. काही क्षणांत केला. पूजाचे चार वैशालीच्या नावापुढे लिहिले, वैशालीचे आठ पूजाच्या.

रविवारी दारापुढे मुली जमल्या. पूजानं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली. म्हणाली, "सर, वैशाली कावून न्हाई?" मी म्हणालो, वाच ना, डावा कच्चा आहे तिचा. स्वतःच्या आकड्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. ती सतरा वर्षांची होती. मी नव्हतो.

वैशाली कागदासमोर उभी होती. बोटं हलत होती तिची, परत मोजल्यासारखी. मी तयारीत होतो. ती म्हणेल, सर, आठ व्हते. मग मी काय म्हणणार हेही ठरवून ठेवलं होतं — दोन रेषेवर लागले, दोन बाहेर. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली,

"सर, मला आठ वाटलेते. पन तुमी लिवलंय म्हंजे मीच चुकले आसंन मोजाया."

तुम्ही अशा वेळी काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. डावा कच्चा आहे तुझा. सहा महिने भिंत धर."

मंगळवारी ती सोसायटीची काठी परत द्यायला आली. तिची गोणीची जाळीवाली काठी तिच्याकडे होतीच. "एक चेंडू नेऊ का सर? फडावर भिंत न्हाई, पन ट्रकच्या फळीवर मारीन. डाव्यानं." मी चेंडू दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला. मुकादमाची गाडी फाटकावरूनच गेली. मी गोदामाच्या मागं भिंतीवरचा चौकोन नव्यानं आखत होतो. आखलेलाच होता तो.

संघ पहिल्याच सामन्यात हरला. तरी गावात सत्कार झाला. चेअरमन माइकवर म्हणाले, "सरांनी सोताच्या वस्तीची पोरगी बी वगळली. गुनवत्ता म्हंजे गुनवत्ता!" टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला. नंतर त्याच घटनेवर मी चार पानं लिहिली — मैदानाला जात नसते, अशा अर्थाची. लोकांनी ती वाटली. वडिलांनी एक प्रत जपून ठेवली आहे. अजून त्यांच्या कपाटात आहे.

नोकरी मी पुढच्या वर्षी सोडली. पत्रकं लिहीत राहिलो. तीन वर्षांनी त्याच गावात गेलो, सहकारातल्या घराणेशाहीवरचं पत्रक वाटायला. हो, त्याच विषयावर. लेखणी जराही अडखळली नव्हती. परत पाऊस नव्हता. टँकर तिथंच उभा होता, घागरींची रांग तशीच. आणि गोदामाच्या मागून आवाज आला. चेंडू भिंतीवर आदळल्याचा.

वैशाली होती. हंगाम संपवून आलेली. वाळलेली, चेहरा करपलेला, गळ्यात काळे मणी. वस्तीतल्या चार-पाच पोरी बांबूचे झेले घेऊन तिच्यापुढं. तिनं मला पाहिलं आणि पदर सावरत पळत आली. "सर! बघा आता." पोरीच्या हातातला झेला घेतला, डाव्या खांद्यावरून फेक केली. चौकोनाच्या मधोमध. परत. परत. एकही बाहेर गेली नाही.

"कोयता बी डाव्यानंच धरला सर पैल्या साली. मुकादम लई हसला. म्हनलं, आमच्या सरांनी सांगितलंय." मग पोरींकडे वळून म्हणाली, "ह्ये माजे सर. डाव्याकडं ध्यान द्या गं. माजं तेवढ्यानंच ऱ्हायलं."

माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. पुढं पाच पोरी माझ्याकडे बघत उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "छान. चालू ठेव." आणि एक पत्रक तिच्या हातात देऊन निघालो.

तो गोदामावरचा कागद केव्हाच फाटून गेला असेल. खरा असा आहे :

पूजा — डावा हात, दहापैकी चार.

वैशाली — डावा हात, दहापैकी आठ.