आईच्या पलंगाचा सारीपाट

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभ्या आयुष्यात एकही वस्तू टाकली नाही. टाकलं ते फक्त धाकट्या भावाशी बोलणं. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी लग्न होऊन पाचोऱ्याला आले, तेव्हा परसात मोडक्या छत्रीच्या काड्यांवर दोडक्याचा वेल चढला होता आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या पेटीत मोहरी-जिरं राहत होतं. मामंजी रेल्वेत मालबाबू होते. निवृत्त झाल्यावर करवत-पटाशी घेऊन ते घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूला दुसरा जन्म देऊ लागले. एकदा माझे वडील त्यांनी दुरुस्त केलेल्या खुर्चीवर बसले आणि पाठोपाठ खुर्चीही बसली. मामंजी शांतपणे म्हणाले, "व्याहीबुवा, दोष तिचा नाही. तिला स्टूल व्हायचं होतं, मीच आग्रह केला."

भावाशी अबोला झाला तो आईच्या सागवानी पलंगावरून. वाटण्यांच्या वेळी तो कोणीच सोडेना. शेवटी पंचांनी कंटाळून फळ्या थोरल्याला आणि चार कातीव पाय धाकट्याला दिले. फळ्या आमच्या माजघरात भिंतीला टेकून राहिल्या, पाय धाकट्या भावाबरोबर, म्हणजे नानांबरोबर, अमळनेरजवळच्या शेतावर गेले, आणि सहा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

एका उन्हाळ्यात नणंदा मुलाबाळांसह माहेरी आल्या. दुपारी उन्हापायी दारं बंद, आत नुसती भांडणं. मामंजींनी फळ्या खाली घेतल्या आणि सगळ्यांना एकत्र खेळता येईल असं टेबल करायला घेतलं. मध्ये सोंगट्यांचा पट कोरून त्यात गेरू आणि काजळ भरलं, एका कोपऱ्यात बुद्धिबळाची घरं आखली, उशाकडच्या फळीतून पत्त्यांसाठी खण काढला. टेबल देखणं झालं, पण खाली आधाराला चार रिकामे खोके. ते एका बाजूला कललं आणि सोंगट्या घरंगळून मामंजींच्याच मांडीत येऊ लागल्या. आपली सोंगटी मांडीत आली की ती घरी पोचली, असा नियम त्यांनी केला. रोज तेच जिंकत, त्यामुळे पायांची गरज त्यांना पटेना.

मग मी कोणाला न विचारता नानांना कार्ड टाकलं: 'पलंगाचं टेबल झालं आहे. पाय नाहीत.' पुढचे चार दिवस मला भाकरी गोड लागली नाही.

पाचव्या दिवशी जळगावला गाडी बदलून नाना आले. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेले चार पाय. भावाकडे न पाहता मला शेतावरच्या अहिराणीत म्हणाले, "सूनबाई, पाय मन्हा शेतस. देवाले आणेल नही. लावसू, खेळसू, अन् लई जासू." म्हणजे पाय द्यायला आणलेच नव्हते; लावायचे, खेळायचं आणि परत न्यायचे.

मामंजीही मलाच म्हणाले, "त्याला सांग, ठोकाठोकी मी करीन. त्याचा हात तिरका चालतो."

पण एकट्याने ते जमणारं नव्हतं. दोघे म्हातारे टेबलाखाली शिरले. आम्ही बायका वाकून पाहू लागलो. बराच वेळ नुसती खुडबुड, मग आतून आवाज आला, "नाना, जरा धर."

"धरेल शे, भाऊ."

थोरल्या नणंदेने पदर डोळ्यांना लावला. मी चहा टाकायला गेले.

पाय पुढच्या खेपेला नेईन म्हणत नाना परत गेले आणि दर महिन्याला येत राहिले. पाय न्यायचे राहून जात. सोंगट्यांवरून मात्र दोघे असे भांडत, की शेजारी चौकशीला येत.

पुढे मामंजींची दृष्टी गेली. नाना फासे टाकून दान सांगत. स्वतःचं दान नेमकं कमी सांगत. मी पाहत होते. एकदा नाना पाणी प्यायला आत गेले, तेव्हा मामंजी मला म्हणाले, "लहानपणी हा मला एक घर सोडायचा नाही." मग त्यांनी पटावर बोटं फिरवली, लक्षात ठेवलेल्या घरावरची नानांची सोंगटी चाचपून शोधली आणि हळूच तीन घरं पुढे सरकवली.