हॅमरफेस्ट ते ट्रॉम्सो

आखातात राहणाऱ्या माणसांना अंतर तासांत मोजायची खोड असते. मुंबई किती लांब, तर तीन तास. ऊद मेथा या आखाती वस्तीतल्या आमच्या घरातही हीच भाषा. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत नवऱ्याच्या अबुधाबीच्या कंपनीने त्याला नॉर्वेच्या पार उत्तरेला, हॅमरफेस्टला, गॅसच्या कामावर धाडलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "विमान जातं ना तिथे?" जातं म्हणाला. मग मला ते लांब वाटलंच नाही.

जानेवारीत चिपळूणला सासरे गेले. सकाळीच चुलतसासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, एकुलता मुलगा तो. अग्नी त्यानेच द्यायचा. किती वेळ लागेल सांग, तसं आम्ही बर्फाचं बघतो."

मुलीने कॉम्प्युटरवर शोधलं. हॅमरफेस्टहून ट्रॉम्सोला छोटं विमान, तिथून पुढे मोठी. "जस्ट फॉर्टी मिनिट्स, मम्मा. दॅट्स नथिंग." मी चिपळूणला कळवलं, उद्या रात्रीपर्यंत पोचेल, थांबा.

ती चाळीस मिनिटं काही केल्या संपेनात. वारा असा की विमान उडेना, आणि रस्ता बर्फाने बंद. "फ्लाइट परत कॅन्सल. आता इन्शाल्ला संध्याकाळची," तो विमानतळावरून सांगायचा. इन्शाल्ला ही अबुधाबीच्या ऑफिसातली सवय. मला त्या वेबसाइटचा असा संताप आला! वाऱ्याचा पत्ता नाही आणि मिनिटं सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच म्हणाला, "बाबांना आता ताटकळत ठेवू नका. ताईला अग्नी देऊ दे." ताई म्हणजे माझी थोरली नणंद. चुलतसासरे ऐकेनात. बाईमाणूस स्मशानात येणार? शेवटी सासूबाईंनी फोन हातात घेतला. "मुलगी त्यांचीच आहे ना," एवढंच बोलल्या आणि तयारी करायला सांगितली.

तिघांना जोडून द्यायची सोय मला ठाऊक नव्हती. स्मशानातून चुलतसासऱ्यांचा मोबाइल माझ्या घरच्या फोनवर, आणि हॅमरफेस्ट माझ्या मोबाइलवर. मी हॉलमध्ये उभी राहून दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरले, म्हणजे स्मशानातलं त्याला ऐकू जावं. हात भरून आले तरी सोडले नाहीत. गुरुजींचे मंत्र तुटत तुटत येत होते. मग नणंदेचा हुंदका ऐकू आला आणि चिपळूणची लाइन गेली.

मी मोबाइल कानाला लावला.

"दिला का तिने?" त्याने विचारलं.

मला काहीच कळलं नव्हतं. मी हो म्हणाले.

त्याच्या मागे कसली तरी घोषणा चालली होती.

"विमान सोडतायत," तो म्हणाला. "आता येऊन काय करू?"

"आई आहेत अजून," मी म्हटलं.