दादाचा नावडता सूर

दादाचा जीव वाचला, असं जो तो म्हणत होता, आणि मला त्या शब्दांचाच राग येत होता. दुकानाच्या कामासाठी तो जयसिंगपूरला गेला होता. परत येताना मोटारसायकल घसरली आणि डोक्याला डाव्या बाजूनं मार बसला. शुद्ध आली, आम्हाला ओळखू लागला, लुळा पडलेला उजवा हातही हळूहळू उचलू लागला. पण तोंडातून शब्द निघेना. काय सांगायचंय ते डोळ्यांत स्पष्ट दिसायचं, ओठ हलायचे आणि बाहेर यायचं ते नुसतं 'त... त...'. डॉक्टर म्हणाले, त्याला समजतं सगळं, पण मेंदूतली शब्द जुळवणारी जागा दुखावली आहे. किती सुधारेल ते आज सांगता येणार नाही. आई रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची आणि जीव राहिला ही शिवाची कृपा म्हणायची. मी शेजारी बसायचे, कपाळाला विभूती लावून घ्यायचे, पण मन कोरडं होतं. ज्याच्याकडून नेमकं बोलणंच काढून घेतलं, त्याच्यावर कृपा झाली असं कसं म्हणायचं?

कारण माझा दादा म्हणजेच बोलणं. घरी त्याला बसू म्हणायचे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं किराणा दुकान, आणि दादा कॉलेजात असतानाच आमच्याकडे केबल आली. त्यावर अमेरिकेतली मुलं झपाझप, ठेक्यात, यमक जुळवत बोलायची. त्याला रॅप म्हणतात हे दादानंच आम्हाला सांगितलं. त्याला इंग्रजी निम्मंअर्धंच कळायचं, पण तो वेडा झाला. कुणी मुंबईला निघालं की कॅसेटी आणायला सांगायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेलाच्या डब्यावर ठेका धरून कोल्हापुरीत रचायचा. तूरडाळीवर, अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, रागावर, पेठेतल्या म्हशींवर. फुटबॉलच्या सामन्याला तर त्याच्याभोवती घोळका असायचा. समोरच्या संघाची तो यमकात अशी खिल्ली उडवायचा, की त्यांचीच पोरं हसायची. अप्पा वैतागायचे, पण दुकानात आलेल्या पावण्याला कौतुकानं सांगायचेही, 'आमचा बसू बोलाय लागला की टाळ्या पडत्यात.'

पुढं दोन हजार सालाच्या आसपास ते संगीत बदलत गेलं. ठेका गुळगुळीत झाला, बोलण्याच्या मधेमधे गोड आवाजात धृपद यायला लागलं, चकचकीत कपडे आले, नाच आला. बघता बघता हिंदी सिनेमाच्या गाण्यातसुद्धा चार ओळी रॅप घुसला. कट्ट्यावरच्या बाकीच्या पोरांना ते आवडलं. दादाचा जिवलग मित्र संजू तर नवी कॅसेट आली की आधी आमच्याच घरी घेऊन यायचा, मुद्दाम. दादा लगेच टेपचं बटण दाबून बंद करायचा. 'रॅप म्हंजे बोलायचं,' तो सांगायचा, 'गायचं आसंल तर भजनी मंडळात जावा की.' दोघांची यावर रोज भांडणं व्हायची आणि भांडण संपलं की दोघं एकाच ताटात मिसळ खायची. मला संजूचीच गाणी आवडायची, पण दादासमोर कबूल करायची सोय नव्हती.

अपघातानंतर घरातला टेप कुणी लावला नाही. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी चालवायला सांगितलं होतं, म्हणून आई आणि मी रोज संध्याकाळी त्याला हाताला धरून गल्लीच्या टोकाच्या महादेवाच्या देवळापर्यंत न्यायचो. तो आत यायचा नाही. बाहेर पारावर बसायचा. ओळखीचं कुणी विचारपूस करायला आलं की मान खाली घालायचा.

एका सोमवारी आम्ही गेलो तेव्हा पारावर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर विभूतीचे पट्टे. नेसरीकडची होती, लेकीकडं आली होती, एवढं आईला तिनं सांगितलं. बोलण्यात निम्मे कानडी शब्द. आई दर्शनाला आत गेली, मी दादाजवळ थांबले. म्हातारी आपल्याच नादात टाळी वाजवत शिवाचं एक साधं भजन म्हणत होती. तिच्या गावी एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून शिवनाम घ्यायचं, अशी रीत असावी. कारण ओळ संपली की ती थांबायची आणि आमच्याकडे बघायची. मी संकोचानं देवळाच्या दाराकडे बघू लागले. मग ती दादाकडे वळली.

'तम्मा, म्हन की रे बाळा. मी एकलीच किती म्हनू?'

तिला ठाऊक नव्हतं. मला सांगायचं होतं की आजी, त्याला बोलता येत नाही; पण त्याच्या तोंडावर ते सांगणं जिवावर आलं. तेवढ्यात तिनं पुन्हा ओळ म्हटली, थांबली, आणि दादानं मागून सूर धरला. 'शिव शिव, हर हर' असं स्वच्छ, न अडखळता, लहानपणी आईच्या मांडीवर बसून म्हणायचा तसं. म्हातारीला त्यात काही नवल वाटलं नाही. तिनं पुढची ओळ घेतली. दादा पुन्हा म्हणाला. आई गाभाऱ्यातून बाहेर आली ती उंबऱ्यातच थांबली, खांबाला धरून. भजन संपलं तशी म्हातारी उठली, दादाच्या डोक्यावरून हात फिरवला, आईला 'येतो अव्वा' म्हणाली आणि गल्लीतून निघून गेली. आम्हाला तिचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

दादा आईकडे वळून काही सांगायला गेला. पुन्हा तेच, 'त... त...'. तो इतका चिडला की घरी येईपर्यंत आमचे हात झिडकारत होता. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी असते, बोलणं अडलं तरी कधीकधी गाणं चालतं, त्याच वाटेनं शब्द परत आणायचा प्रयत्न करा, जे हवं ते चालीत म्हणायला लावा, असं ते म्हणाले. आईनं हात जोडले. दादानं मान फिरवली. गाऊन चहा मागण्यापेक्षा मुकं राहणं त्याला बरं वाटत होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. आम्ही विनवण्या केल्या, आई रडली, अप्पा ओरडले. त्यानं ओठ उघडले नाहीत.

शेवटी मी हे सगळं संजूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आला, काही न बोलता टेप सुरू केला आणि त्यात सगळ्यांत गोड, दादाला सगळ्यांत नकोशी कॅसेट घातली. धृपद आलं. दादानं डोळे मिटले. संजूनं कॅसेट मागं फिरवून तेच धृपद पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, आणि स्वतः बेसूर गाऊ लागला. पडल्यापडल्या दादाचा हात बटणापर्यंत पोचत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला, आणि त्याच धृपदाच्या चालीत, ठेक्यावर अगदी बरोबर बसवून, तो गायला:

'संज्याऽ, बंद कर कीऽऽ!'

मग संजू हसता हसता रडायला लागला आणि दादाच्या गळ्यात पडला. दादालाही हसू आवरेना. अप्पा दुकान तसंच सोडून आत आले.

त्यानंतर आमचं घर गाण्याचं झालं. दादा चालीत चहा मागायचा, चालीत अंघोळीचं पाणी मागायचा, चालीत अप्पांशी वाद घालायचा. आईनं भजनाच्या चाली पुरवल्या, संजूनं नव्या कॅसेटी. कितीतरी महिन्यांनी शब्दांखालचा सूर हळूहळू विरला आणि बोलणं उरलं. पूर्वीसारखं झपाझप नाही. अजून तो एखाद्या शब्दापाशी थांबतो, मनात सूर धरतो आणि मग पुढं जातो. घोळक्यात उभं राहून दुसऱ्याची यमकात खिल्ली उडवणं मात्र परत आलं नाही, आणि त्याचं दुःख त्याला आहे. ते मी लपवत नाही.

त्या म्हातारीला आम्ही शोधलं. आई देवळाच्या पुजाऱ्यांकडे गेली, मी गल्लीतल्या घराघरांत विचारलं, नेसरीकडे जाणाऱ्या एका नातेवाइकालाही सांगून ठेवलं. पत्ता लागला नाही. ती कोण होती यावर मी काही म्हणत नाही. लेकीकडं आलेली एक बाई असेल, दोन दिवसांनी आपल्या गावी परत गेली असेल. मला इतकंच कळतं की त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की दादा बोलू शकत नाही, आणि म्हणून आमच्यापैकी कुणी त्याला 'म्हण' म्हटलं नव्हतं. तिच्या तोंडून ते कुणी म्हणवलं, हा प्रश्न मी आता शिवापुढं ठेवून मोकळी होते. पूर्वी पूजेला बसले की काय हवं आणि कसं हवं, दोन्ही सांगायचे. आता हवं ते सांगते आणि पुढचं त्याच्यावर सोपवते.

परवा मी माहेरी गेले होते. शेजारी बारसं होतं, लाऊडस्पीकरवर तसलीच गोड धृपदाची गाणी जोरात चालली होती. दादा गल्ल्यावर बसला होता. मी गमतीनं विचारलं, अजून राग येतो का रे याचा? तो थोडा वेळ थांबला, शब्द सापडेपर्यंत.

'आवडत न्हाईत अजून,' तो म्हणाला. 'पन कानावर आली की... हात जोडतो.'