मार्चअखेरची झाडं

मृत्यूची अधिकृत नोंद करण्याचा अधिकार या पृथ्वीतलावर फार थोड्यांना असतो. डॉक्टरला असतो, न्यायाधीशाला असतो, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो मलाही होता. मी उल्हासनगरच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होतो आणि माझ्याकडचे मृत्यू रोपांचे असत. त्यासाठी मला छापील तक्ते, कार्बनचे कागद आणि महिन्याला सायकलभत्ता मिळे. सायकल माझ्याकडे नव्हती.

आमची कचेरी पहिल्या मजल्यावर होती. खाली जीन्स शिवण्याचं वर्कशॉप होतं. एकदम वीस मशिनं सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि 'पर्यावरण' या शब्दातल्या रेफाचा हमखास शेजारच्या अक्षरावर तोल जायचा.

योजना साधी होती. बारवीच्या आणि वांगणीच्या बाजूला डोंगराच्या कुशीत भात लावणारी माणसं दरवर्षी राब करतात. म्हणजे उतारावरच्या ऐनाच्या फांद्या तोडायच्या, त्या पालापाचोळा आणि शेणाबरोबर रोपाच्या वाफ्यावर पसरायच्या आणि पावसाच्या आधी पेटवायच्या. त्या राखेत भाताचं रोप जोमानं येतं. डोंगर मात्र बोडका होत जातो. म्हणून सरकारनं ठरवलं होतं, की जो शेतकरी तीन वर्षं फांदी तोडणार नाही, राब जाळणार नाही आणि आपल्या उतारावर दिलेली रोपं लावून जगवील, त्याच्याशी करार करायचा आणि जगलेल्या झाडांच्या प्रमाणात वर्षाला एक हप्ता द्यायचा. राबाऐवजी त्या पैशातून खत घ्यावं, अशी कल्पना. पाऊणपेक्षा कमी झाडं जगली तर करार रद्द, आणि आधी दिलेले हप्तेही परत वसूल.

करारनामे वाटण्याचा समारंभ बदलापुरात झाला होता. आमच्या साहेबांनी भाषणात झाडाला पुत्राची उपमा दिली आणि नंतर पित्याचीही दिली. एकाही फांदीला हात लावणार नाही अशी शपथ सगळ्यांकडून घेण्यात आली. स्वागताच्या कमानीला ऐनाच्या ताज्या डहाळ्या बांधलेल्या होत्या आणि त्या खरोखर सुंदर दिसत होत्या.

पहिली दोन वर्षं झाडं मोजण्याचं काम माझ्या आधीच्या लिपिकाकडे होतं. तो दिवाळीच्या सुमारास जाऊन मोजून यायचा. तिसऱ्या वर्षी त्याची बदली झाली, फाइल माझ्याकडे आली, आणि अनुदान यायचं तेव्हाच, म्हणजे मार्चमध्ये आलं. ते एकतीस तारखेच्या आत वाटलं नाही तर परत जातं. तेव्हा मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगराकडे निघालो. माझं सगळं आयुष्य अंबरनाथ पश्चिमेला गेलेलं. झाडं मी पुस्तकात पुष्कळ वाचली होती आणि पुस्तकातली झाडं बारा महिने हिरवी असतात.

बदलापूरहून एसटीनं गेलो आणि पुढं तासभर चाललो. कात्रपच्या शेतांचे तेव्हा नुकते प्लॉट पडायला लागले होते, पण तिथून आत सगळं जुनंच होतं. यादीत शेवटचा उतार एका बाईचा होता. पन्नाशीची असावी, नवरा नव्हता, दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. त्या दिवशी ती घरी नव्हती, भट्टीवर विटा वाहायला गेली होती. मी एकटाच वर चढलो.

दोनशे चाळीस रोपं लावल्याची नोंद होती, आणि दोनशे चाळीस उभी होती खरी. पण काय उभी होती! वाळलेल्या काड्या. कुणी डोक्याएवढी, कुणी छातीएवढी, एकाही काडीला पान नाही. सगळा उतार खराट्याच्या हिरांसारखा आभाळाकडे तोंड करून उभा होता. कडेला एकोणीस जांभळी मात्र तकतकीत हिरव्या होत्या. मी गंभीरपणे एकेका काडीसमोर थांबलो आणि तक्त्यात लिहीत गेलो. मृत. मृत. मृत. दोनशे एकवीस वेळा. कोपऱ्यापर्यंत लिहून होईस्तो माझा चेहरा आपोआप स्मशानातून परतणाऱ्या माणसासारखा झाला असावा. अहवाल त्याच संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवला: जिवंत एकोणीस, करार रद्द करावा, वसुली सुरू करावी.

चौथ्या दिवशी ती बाई कचेरीत आली. पाड्यावर कुणीतरी तिला बातमी दिली होती. तिनं दारातूनच विचारलं, "माझी झाडां मेली असा कोनी लिवलान?"

शिपायानं क्षणाचाही विचार न करता माझ्याकडे बोट दाखवलं.

ती माझ्या टेबलाशी आली आणि मला नीट न्याहाळलं. "तू? दिसतोस तर शिकलेला."

"मावशी, मी स्वतः मोजली. जांभळी सोडल्या तर एकाही झाडाला पान नव्हतं."

"शिमग्यात पान?" ती म्हणाली. "तुझ्या डोक्यावर तरी काय हाय? तुला मेला म्हनू?"

शिपाई हसला. खालची मशिनं नेमकी त्याच वेळी बंद होती, त्यामुळे ते सगळ्या मजल्यानं ऐकलं. माझ्या डोक्यावरचे केस तेव्हापासूनच मागं सरकायला लागले होते, हे मला मान्य करावं लागेल.

"बरं, मग एखादी फांदी तरी आणायची होती," मी म्हणालो. "पुरावा म्हणून दाखवता आली असती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "फांदी आनायची तर तोडाया लागते. तुमच्या कागदात तोडायची नाय. मी अंगठा दिलाय."

आमच्या कचेरीत करार पाळणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. तीन वर्षं ती चुलीसाठी लांबच्या ओढ्यातून वाहून आलेली लाकडं गोळा करत होती. हे मला नंतर कळलं, आणि तेही तिच्याकडून नाही.

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब उंच होते, त्यांचा आवाज खोल होता आणि ते साधं वाक्यसुद्धा उद्घाटन केल्यासारखं बोलत. "बाई, शासनाचा निकष आहे. हिरवी पानं असतील तेच रोप जिवंत धरायचं."

"निकस म्हंजे?"

"नियम."

"मंग नियमाला सांगा, पावसात ये. आता कशाला आलास?"

"ते मार्चअखेरमुळं," मी मध्येच म्हणालो.

"तो कोन?"

तो कोण हे मला तिला समजावून सांगता आलं नाही. मी इतकंच म्हणालो, की एकतीस तारखेपर्यंत झाडं जिवंत ठरली नाहीत तर पैसे मिळणार नाहीत आणि आधीचे दोन हप्तेही परत द्यावे लागतील.

ती आवाज न चढवता म्हणाली, "पैसं खतात गेलं. ते मी कुठून देऊ? आनि खत नाय तर राब पायजे. मी कोयता घालीन त्या डोंगराला. माझ्या हातानं वाढवलीत, माझ्याच हातानं तोडीन. मंग तुम्ही लिवलेला खरा व्हईल."

ती हे धमकी म्हणून सांगत नव्हती. आंघोळीचं पाणी तापलंय असं सांगावं तसं सांगत होती. साहेबांचं मन पालटलं. करार रद्द झाला तर त्यांच्या वार्षिक अहवालात तालुक्याच्या नावापुढं अपयश लागणार होतं, हे कारणही असेल. माणसाच्या मनात एका वेळी किती गोष्टी असतात ते मी मोजायला गेलेलो नाही. ते म्हणाले, "जीप काढा. आपण स्थळपाहणी करू."

उताराच्या पायथ्याशी जीप थांबली. आजूबाजूच्या डोंगरांवर राबासाठी ऐन खांडले होते. फांद्या नसलेले खुंट नुसत्या मुठी वर केल्यासारखे दिसत होते. मधोमध तिचा उतार. तिथं जमिनीवर घोट्यापर्यंत वाळका पाला होता आणि पाऊल ठेवलं की तो मोठ्यानं वाजायचा. आधीच्या खेपेला मी हा आवाज ऐकला होता, पण पाला आहे म्हणजे तो कुठून तरी पडला असेल, हा विचार माझ्या शिक्षणात बसला नव्हता.

ती पहिल्या काडीजवळ गेली आणि मला म्हणाली, "नख लाव."

"कुठं?"

"अंगाला. हलू लाव, बाळाला लावल्यासारखा."

मी अंगठ्याच्या नखानं साल थोडी खरवडली. वरून राखाडी, भेगाळलेली, मेल्याहून मेलेली साल. तिच्याखाली हिरवं होतं. ओलं, पोपटी, इतकं ताजं की मी दचकून हात मागं घेतला. कापलेल्या काकडीसारखा वास आला. सगळ्या डोंगरावर ऊन भाजत होतं, हवेत एक थेंब ओल नव्हती, आणि त्या करंगळीएवढ्या काडीच्या कातड्याखाली पाणी बसून राहिलं होतं.

"हा ऐन," ती म्हणाली. "ती शिवन. त्यो मोव. सगली जागी हायत. नुसती डोले मिटून."

मी दुसऱ्या झाडाला नख लावलं. हिरवं. तिसऱ्याला. हिरवं. साहेबांनी खिशातून किल्ल्या काढल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि एका शिवणीची साल किल्लीनं खरवडायला ते खोडाशी वाकले. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन पुढच्या झाडाकडे गेले. त्यानंतर तासाभरात ते एकही वाक्य बोलले नाहीत, आणि मी त्यांच्या हाताखाली काढलेल्या सगळ्या वर्षांत अशी वेळ दुसऱ्यांदा आली नाही.

आम्ही दोघे ओळींतून चढत गेलो. प्रत्येक झाडाशी थांबायचं, खरवडायचं, बघायचं. पन्नास झाडांनंतर मला वाटलं, पुरे, आता कळलं. पण थांबता येईना. प्रत्येक वेळी खाली हिरवं निघायचं आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाटायचं. चार दिवसांपूर्वी याच ओळींतून मी 'मृत' लिहीत गेलो होतो आणि तेव्हा ही सगळी माझ्याकडे बघत, काही न बोलता, आपापलं पाणी सांभाळत उभी होती. मी मंदिरात फारसा जात नाही. गेलो तरी तिथं मला आधी फरशी दिसते, दानपेटी दिसते, देणगीदारांची नावं दिसतात. इथं तसं काहीच नव्हतं, आणि मी चपला कधी काढल्या ते मला आठवत नाही. तळपायाला चटके बसायला लागले तेव्हा लक्षात आलं.

उताराच्या वरच्या टोकाला ती आमच्या पुढं होऊन एका मोवाजवळ, म्हणजे मोहाच्या रोपाजवळ, थांबली. "ह्याला नको लावू. हा गेला. वालवी." मग थोडी डावीकडे, "आनि ही शिवन. गाय घासली तिला, गेल्या साली."

मी तरी नख लावलं. साल भुग्यासारखी सुटली, खाली तपकिरी, कोरडं. दुसरंही तसंच. दोनशे चाळिसातली दोन. तिला अंक विसाच्या पुढं येत नव्हते, हे मला ठाऊक होतं. जीपमधून येताना तिनं ते स्वतःच सांगितलं होतं. पण कुठली दोन आता नाहीत, ते तिला न मोजता माहीत होतं. मी तक्ता काढला. 'दोनशे एकवीस' खोडलं आणि 'दोन' लिहिलं. एवढं खोडताना हात कधी इतका हलका झाला नव्हता.

"मंग?" तिनं विचारलं. "कोयता घालू का नको?"

साहेब खाली बघत होते. "नको," ते म्हणाले. फक्त तेवढंच. मग माझ्या हातातला तक्ता घेऊन त्यांनी गुडघ्यावर ठेवला आणि 'शेरा' या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "रोपे जिवंत असून सध्या पाने नाहीत. जबाबदारी माझी." खाली सही केली. ज्या माणसानं पाण्याच्या माठाच्या खरेदीवरसुद्धा 'वरिष्ठांचे मत घ्यावे' असं लिहिलं होतं, त्यानं हे लिहिलं. मी त्या सहीकडेही त्या काडीकडे बघावं तसंच बघत राहिलो.

वरच्या कार्यालयाकडून अपेक्षेप्रमाणे विचारणा आली: पाने नसताना रोपे जिवंत असल्याचे कशावरून ठरविले? आम्ही उत्तर पाठवलं, की पाने नसलेल्या सर्व दोनशे एकवीस झाडांची साल नखाने खरवडून खात्री केली आहे. उत्तर मान्य झालं. तीस तारखेला तिचा तिसरा हप्ता बँकेत जमा झाला आणि त्या पावसाआधी त्या उतारावर कोयता चालला नाही.

मे महिन्यात मला वरून एक मेमो आला. करारक्षेत्रातील झाडांच्या सालीस इजा करण्यास कलम सहानुसार मनाई असताना, आपण आपल्याच लेखी कबुलीनुसार दोनशे एकवीस झाडांची साल खरवडली आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा. मी खुलासा दिला. दोन झाडे आधीच मृत असल्याने संख्या दोनशे एकोणीस धरावी, ही माझी विनंती मान्य करण्यात आली.