पट्टी आमची, मत त्यांचं

“अम्मा, उठिए. ये कुर्सियां साहब लोगों की हैं.”

खुर्च्या मांडणाऱ्या पोरानं म्हटलं, आणि मी उठले. पदर सावरत, गुपचूप. महापालिकेचे अधिकारी नागरिकांचं मत ऐकायला आले होते, हॉल भरलेला होता, आणि मी मागे सतरंजीवर जाऊन बसले. कुणी ढकललं नाही हो. सवयच ती.

ही सवय बाहेरच्याला कळायची नाही. पिपलानीत, म्हणजे कारखान्याच्या या टाउनशिपमध्ये, माणूस ओळखायचा तो क्वार्टरच्या टाइपवरून. आमचे हे कारखान्यात फिटर, म्हणजे क्वार्टर सगळ्यात लहान. हळदीकुंकवाला गेलं तरी साहेबांच्या बायका आधी विचारायच्या, “कुठल्या टाइपमध्ये राहता?” मग ठरायचं, सोफा की सतरंजी. हे रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, टाउनशिपच्या फाटकाबाहेर दोन खोल्या बांधल्या. मग हेही गेले. माझं अंग मात्र अजून त्याच टाइपमध्ये राहत होतं.

आता फाटकाबाहेरची गत ऐका. नळ नाही. टाउनशिपवाले म्हणतात, तुम्ही आमच्यात येत नाही. महापालिका म्हणते, पाइप टाउनशिपमधून जातो, त्यांना विचारा. क्वार्टरांचं सांडपाणी तेवढं कुणाला न विचारता माझ्या दारातून वाहतं. घर विकावं, तर असलं घर घेणार कोण? नागपूरला परत जावं, तर तिथं आता माझं कोण आहे? घरपट्टी मात्र न चुकता येते. पेन्शनीतून भरते.

अधिकाऱ्यानं माइक धरला. “सुविधा चाहिए तो टैक्स बढ़ेगा. आपकी राय?”

पुढच्या रांगेतून आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उठले. कारखान्यातले मोठे साहेब. “बढ़ाइए. वैसे सर्विस अच्छी ही है.”

टाळ्या!

मी मागून हात वर केला. “साहब, हमारे यहां नल ही नहीं है.”

अध्यक्ष वळले. हसून, मराठीत, अगदी आपलेपणानं म्हणाले, “वहिनी, हा इथल्या रहिवाशांचा कार्यक्रम आहे. तुम्ही चहा घेऊन जा हं.”

सगळे हसले. अंगाची लाहीलाही झाली. इतकी वर्षं इथं काढली, नवरा इथंच जाळला, आणि मी रहिवासी नाही?

उभी राहिले. “साहेब, तुमच्या क्वार्टरची पट्टी कोण भरतं?”

अध्यक्ष खाली बसायला लागले.

“कारखाना भरतो. माझी मी भरते. वाढली तर माझ्या ताटातलं जाणार. मग ‘वाढवा’ म्हणणारे तुम्ही कोण?”

“अम्मा, बैठ जाइए,” मघाचाच पोरगा.

“नहीं बैठूंगी.”

पट्टी वाढली. नळ आला नाही. सांडपाणी वाहतंच आहे. तरी पट्टी मी भरणार, वेळेवर भरणार. थकबाकीदार म्हणून माझं तोंड बंद करायची सोय मी कुणाला देणार नाही. आणि जिथं जिथं आमच्या पाण्याचं ठरेल, तिथं जाऊन उभी राहणार. मला इथून सुटका नाही. आता त्यांनाही माझ्यापासून नाही.