धाकटीची बाजू

थोरली जाऊ तोंडाने फटकळ आणि हाताने नाजूक. कापडावर पानाफुलांची छपाई करायची. तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या ओल्या कापडावर निलगिरीची पानं, झेंडूच्या पाकळ्या मांडायच्या, वरून जुनी चादर पसरायची, सगळं नळीवर घट्ट गुंडाळून, दोरीने आवळून दोन तास वाफेवर ठेवायचं. उलगडलं की पानाची शीर न् शीर उमटलेली. सव्वीस वर्षं हे काम दोघी जावांनी मिळून केलं. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला थोरली, दुसऱ्याला धाकटी. मांडत मांडत मध्यावर भेटायचं आणि भेटल्यावर भांडायचं. एकीला पानं दाट हवीत, दुसरीला विरळ.

शेवटचं भांडण जरा जास्तच ताणलं. धाकटी लेकीकडे राहायला निघाली. दारात म्हणाली, "मी नसले तर जमेल ना तुम्हाला?"

"तुझ्यावाचून माझं काय अडलंय?" थोरली म्हणाली. तेव्हाच जीभ दाताखाली आली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर घर खायला उठलं. तीन आठवड्यांनी थोरलीने कंबर कसली. सहा मीटरचं कापड एकटीने करून दाखवायचंच! तिने पानं मांडली, वाफेचं पाणी उकळलं का ते बघून आली, सवयीने न बघताच चादर पसरली, गुंडाळलं, वाफवलं.

उलगडलं तर पहिले तीन मीटर देखणे, पिवळे-तपकिरी. पुढचे तीन कोरे करकरीत. पाणी बघायला नेहमी तीच जायची आणि परत येईपर्यंत धाकटीची बाजू भरलेली असायची. आज ती भरायला कोणी नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. थोरली स्टुलावर बसली आणि नाक पुसत एकटीच रडली.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, शेजारीण सांगत होती, मोठं कापड घेतलंय म्हणे. कसं आलं?"

"छान. भरून आलंय."

"माझी बाजूसुद्धा?"

"हो तर! न यायला काय झालं?"

मग धाकटी म्हणाली, "बरं झालं. उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं होतं मी. म्हटलं, तुमचं अडलं असेल. आता रद्द करते."

"अगं, ऐक..."

फोन बंद झाला होता. थोरली तो हातात धरून उभी राहिली. परत लावायचा तर खरं सांगावं लागणार होतं, आणि सव्वीस वर्षांत ते तिला एकदाही जमलं नव्हतं.